कथिलाच्या खाणीतली शिदोरी

तेराव्या शतकातल्या इंग्लंडात पेस्टी म्हणजे श्रीमंतांच्या पंगतीतला, हरणाचं मांस भरलेला पदार्थ. पुढे नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलमध्ये ती कथील आणि तांब्याच्या खाणीत उतरणाऱ्यांची शिदोरी झाली. मला तिचा हाच इतिहास मोलाचा वाटतो.

कृती साधी. जाडसर गोल पारीवर गोमांसाचे तुकडे, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमासारखा कंद, सगळं कच्चंच. वर मीठ, मिरपूड. पारी दुमडून करंजीसारखी मुरड घालायची आणि मंद आचेवर भाजायची. सारण आतल्या आत स्वतःच्या रसात शिजतं. एका कोपऱ्यावर नावाची आद्याक्षरं, म्हणजे अर्धी खाऊन ठेवलेली पेस्टी ज्याची त्याला मिळे.

हाताला आर्सेनिक लागलेलं असे, म्हणून कामगार मुरडीची कड फेकून देत, असं सांगतात. मला ते पटत नाही. जुन्या छायाचित्रांत ते पेस्टी पिशवीत धरून टोकापासून खाताना दिसतात. अन्न टाकणं परवडणारी ती माणसं नव्हती.

1860च्या दशकात तांब्याचे भाव कोसळले, तेव्हा हजारोंनी देश सोडला. मेक्सिकोच्या रेआल देल मोंते गावात तर कॉर्निश कामगार 1820च्या दशकातच पोचले होते. तिथे आज मिरची घातलेले ‘पास्ते’ विकले जातात.

साउथ क्रॉफ्टी ही कॉर्नवॉलची शेवटची कथिलाची खाण 1998मध्ये बंद पडली. 2011मध्ये ‘कॉर्निश पेस्टी’ला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानावर पहिला हक्क आहे तो घरोघरी पारी लाटणाऱ्या बायकांचा.