काळी काच आणि तीन सीमा

वापीहून दादऱ्याच्या वाटेने सिल्वासाला जाणारी मोटार फार लांबचा पल्ला गाठीत नाही. तरीही तेवढ्या अंतरात ती गुजरातेतून दादऱ्यात शिरते, दादरा मागे पडताच पुन्हा गुजरातच्या चिंचोळ्या पट्टीत येते आणि त्यानंतर नगरहवेलीत प्रवेश करते. पुढे दक्षिणेकडे वळल्यास महाराष्ट्राचा पालघर जिल्हा लागतो. अशा प्रदेशात मोटारीच्या काचा किती गडद असाव्यात हे प्रत्येक राज्याने आपापल्या मर्जीने ठरवावयाचे म्हटले, तर एकच गाडी घटकाभरात निर्दोष, सदोष आणि पुन्हा निर्दोष ठरेल. अमेरिकेत असा प्रकार घडतो. तेथे निरनिराळ्या राज्यांचे नियम निरनिराळे असल्याने एका राज्यात चालणारी काच शेजारच्या राज्यात दंडास पात्र होऊ शकते.

या वाटेने कोणी जावे, हा प्रश्न या भूमीला नवा नाही. पोर्तुगीज अमदानीत दमणहून इकडे येणाऱ्या अधिकाऱ्यांना भारताचा मुलूख ओलांडावा लागे. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे मराठी कलावंतही उतरले होते. पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट भेद केला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना वाटेचा हक्क होता. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता. भारताने आपले कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही, असेही न्यायालयाने म्हटले. असा भेद पाळावयाचा, तर वाटेने कोण जात आहे हे दिसले पाहिजे, हे ओघानेच आले.

मोटारीच्या काचेचा नियम मात्र दिल्लीत घडला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने गाडीची बांधणी व साधनसामग्री यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला होता. १९८८ च्या कायद्याने तो केंद्राकडे घेतला, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांतील शंभराव्या नियमाने सर्व देशासाठी एकच माप ठरविले: पुढील व मागील काचेतून शेकडा ७० आणि बाजूच्या काचांतून शेकडा ५० प्रकाश आरपार गेला पाहिजे.

नियम झाला तरी त्याचा अंमल पुष्कळ वर्षे सैलच राहिला. कारखान्यातून स्वच्छ निघालेल्या काचांवर बाजारात काळी फिल्म चिकटविली जाई, आणि गाडीत कोण आहे हे बाहेरच्यास कळेनासे होई. अखेर एका नागरिकाने लोकहितार्थ सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २७ एप्रिल २०१२ रोजी सरन्यायाधीश कापडिया यांच्या पीठाने निर्णय दिला की, काच बनवितानाच तिला आलेला रंग ठरल्या मापात बसत असेल तर चालेल; परंतु मागाहून चिकटविलेली फिल्म, मग ती किती का फिकी असेना, चालणार नाही. उन्हाचा ताप आणि खाजगीपणा ही कारणे पुढे आली होती. व्यक्तीच्या सोयीपेक्षा सार्वजनिक सुरक्षितता वरचढ, असे न्यायालयाने मानले.

तथापि कायदा हा दगडावरचा लेख नव्हे. २०२० मध्ये शंभराव्या नियमात दुरुस्ती होऊन काचेबरोबर 'सुरक्षित ग्लेझिंग'लाही जागा मिळाली. त्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असे म्हटले की, ठरल्या मानकांत आणि प्रकाशाच्या मर्यादेत बसणारी फिल्म लावणाऱ्यास दंड करता येणार नाही. साधनाविषयीचे मत असे बदलले, पण ७० आणि ५० ही मापे टिकून राहिली.

येथे सिल्वासाच्या नागरिकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. १९५४ नंतर सात वर्षे या भूमीचा कारभार वरिष्ठ पंचायतीने चालविला. १९६१ मध्ये ती भारतीय संघराज्यात विलीन झाली. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह तिचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. तिला स्वतःची विधानसभा नाही. लोकसभेतील एका प्रतिनिधीखेरीज येथल्या माणसाने कायदा करणाऱ्यापुढे आपले म्हणणे मांडावे तरी कोठे? ही उणीव खरी आहे, आणि एकसारख्या नियमाच्या सोयीने ती भरून निघत नाही.

परंतु ही उणीव भरून काढण्याचा मार्ग काचेच्या वेगळ्या कायद्यातून जात नाही. एवढ्याशा प्रदेशाने स्वतंत्र माप ठरविले, तर ते सीमेपलीकडे काही मैलांतच निरुपयोगी होईल. आणि तीन प्रकारच्या मापांचा लाभ सामान्य प्रवाशापेक्षा लपू इच्छिणाऱ्यालाच अधिक होईल. शाळा, पाणी, जमीन, रोजगार यांविषयी स्थानिक शब्दाला वजन असावे, हे रास्तच आहे. रस्ता मात्र सर्वांचा असतो, आणि त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या काचेचे माप या सीमेपासून त्या सीमेपर्यंत एकच असण्यातच वाटसरूचे हित आहे.