मापाचा धनी कोण?

मजुरीचे तंटे सोडवताना आम्हांला एक गोष्ट कळून चुकली. भांडण पैशाचे दिसते, पण पुष्कळदा ते असते मापाचे. छापखान्याचा इतिहास याला साक्ष आहे.

अमेरिकेत १९व्या शतकात जुळाऱ्याची मजुरी हजार 'एम'मागे ठरे. एम म्हणजे खिळ्याच्या उंचीएवढ्या बाजूचा चौकोन. अक्षरे अरुंद असली, की तेवढ्याच जागेत ती जास्त मावत. मजुरी तीच, खिळे मात्र जास्त जुळवावे लागत. अक्षराची रुंदी हा असा पोटाचा प्रश्न होता.

खिळ्यांची मापेही सर्वत्र सारखी नव्हती. पॅरिसच्या फूर्निए याने १७३७ साली पॉइंटाची पद्धत मांडली; पुढे दिदोने ती सुधारली. अमेरिकेतील टाइप फौंड्र्यांनी १८८६ साली आपला पॉइंट ठरवला.

पुढे खिळे गेले, पडदा आला. वेबपानांचे रूप ठरवण्यासाठी हॉकोन व्युम ली यांनी १९९४ साली सीएसएस ही भाषा सुचवली. बर्ट बोस यांच्या साथीने तिची पहिली आवृत्ती १९९६ साली प्रमाण ठरली. तीत इंच, सेंटिमीटर, पॉइंट व पिक्सेल यांच्या पंगतीला जुना एमही बसला. २०११ च्या आवृत्तीने १ इंच म्हणजे ९६ पिक्सेल व ७२ पॉइंट असे नाते पक्के केले. म्हणून पडद्यावरचा इंच पट्टीने मोजू गेल्यास इंचच भरेल, असे नाही!

एमचे तसे नाही. अक्षराचा आकार १६ पिक्सेल असेल तर २ एम म्हणजे ३२ पिक्सेल; आकार २० झाला, की तेच २ एम ४० होतात.

यात काय मोठे, असे कोणी विचारील. काही जुन्या ब्राउझरांत पिक्सेलांनी बांधलेले अक्षर वाचकाला मोठे करता येत नसे. पान बांधणाऱ्याचे डोळे तरुण असत. अधू डोळ्यांच्या माणसाने मग करावे काय? मूळ आकार वाचकाच्या पसंतीवर सोडून बाकीची मापे एममध्ये दिली, तर त्याने अक्षर वाढवताच सारे पान त्या प्रमाणात वाढते. मजकूर दुप्पट मोठा करता आला पाहिजे, असा दंडक २००८ च्या सुगम्यता-नियमांत आला.

ज्या एमने एके काळी जुळाऱ्याची मेहनत मोजली, तो आज वाचकाच्या उपयोगी पडतो आहे. तेव्हा कोणतेही माप समोर आले, की ते किती आहे एवढेच विचारून थांबू नये. ते ठरवले कोणी आणि कोणासाठी, हेही विचारावे.