फ्रीलान्स वेब डिझायनर आणि डिजिटल मार्केटरला पैसे देणारे ग्राहक कसे मिळतात?

वेबसाइट बनवता येते, फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती चालवता येतात, कोर्सचे सर्टिफिकेटही हातात आहे. पण काम मिळत नाही. मिळालेच तर “आधी करून दाखवा, पैशांचे नंतर बघू” असे उत्तर येते. फ्रीलान्सिंग सुरू करणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. काम सांगणारे पुष्कळ भेटतात, पैसे देणारे कमी. त्यांच्यातला फरक काम सुरू होण्याआधीच ओळखावा लागतो.

पैसे देणारा ग्राहक कसा ओळखायचा?

ज्याच्याकडे वेबसाइट नाही तो आपला ग्राहक, असे धरून चालणे ही नेहमीची चूक आहे. गल्लीतल्या किराणा दुकानाचे गिऱ्हाईक गल्लीतलेच असते. त्याला वेबसाइटची गरज नसेलही. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात.

- एका गिऱ्हाइकामागे व्यवसायाला किती मिळतात? दातांचा दवाखाना, मंगल कार्यालय, इंटिरियरचे काम, कोचिंग क्लास यांना दोन-चार नवी गिऱ्हाइके मिळाली तरी फ्रीलान्सरची फी वसूल होऊ शकते.
- प्रसिद्धीवर आधीच खर्च होतो का? फ्लेक्स लावणारा, पेपरात पत्रके टाकणारा व्यावसायिक जाहिरातीचे पैसे मोजायला तयार असतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर कोणाच्या जाहिराती सध्या चालू आहेत, हे मेटाच्या ॲड लायब्ररीत कोणालाही मोफत पाहता येते.
- निर्णय घेणारा माणूस थेट भेटतो का? “साहेबांना विचारून सांगतो” यातच महिने जात असतील, तर पैसे मिळतानाही तेच होण्याची शक्यता असते.

शोध कुठून सुरू करावा?

पहिले काम बहुतेकदा ओळखीतून येते: नातेवाईक, जुने ऑफिस, कॉलेजचे मित्र, नेहमीचा डॉक्टर. मात्र “काही काम असेल तर सांगा” असे म्हटल्याने कोणाला काहीच आठवत नाही. “दवाखान्यांच्या वेबसाइट बनवतो, ओळखीत कोणी डॉक्टर आहेत का?” असा नेमका प्रश्न लोकांच्या लक्षात राहतो.

दुसरा मार्ग गूगल मॅप्सचा. आपल्या शहरातला एकच व्यवसाय निवडून त्याची २०-२५ नावे काढावीत. कोणाचा फोन नंबर चुकीचा आहे, कोणाची वेबसाइट मोबाइलवर उघडत नाही, कोणी रिव्ह्यूला उत्तरच देत नाही, हे टिपून घ्यावे. त्या व्यवसायाला पाठवायच्या निरोपात हीच त्रुटी सांगावी. उदाहरणार्थ:

“नमस्कार, गूगलवर तुमच्या क्लिनिकची वेळ रात्री ९ पर्यंत दिसते, पण बोर्डावर ८ आहे. उशिरा येणारे पेशंट परत जात असतील. हे मोफत दुरुस्त करता येते, कसे ते सांगतो. ऑनलाइन अपॉइंटमेंटची सोय हवी असल्यास भेटून दाखवेन.”

असा निरोप प्रत्येकाला वेगळा लिहावा लागतो. एकच मजकूर शेकडो जणांना व्हॉट्सॲपवर पाठवल्यास नंबर बंद होण्याचा धोका असतो.

हंगाम पाहावा

हापूसची विक्री प्रामुख्याने मार्च ते मे या काळात होते. त्यामुळे आंबा थेट घरपोच विकणाऱ्या बागायतदाराशी बोलायची वेळ डिसेंबर-जानेवारी. क्लासचे प्रवेश उन्हाळ्यात, तर कपडे आणि फराळाची विक्री दसरा-दिवाळीला. हंगामाच्या दोन-तीन महिने आधी गेलेल्या माणसाचे ऐकून घ्यायला मालकाला सवड असते. ऐन गर्दीत गेल्यास नकारच मिळतो.

फाइव्हर आणि अपवर्कचे काय?

या वेबसाइटवर परदेशी ग्राहक मिळतात, पण स्पर्धा जगभरातल्या लोकांशी असते. फाइव्हर विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के कापते. म्हणजे १०,००० रुपयांच्या कामाचे हातात ८,००० येतात. अपवर्कवर कामासाठी प्रस्ताव पाठवतानाच ‘कनेक्ट्स’ खर्च होतात आणि ते विकत घ्यावे लागू शकतात. ओळखीतला शोध थांबवून केवळ या वेबसाइटवर अवलंबून राहणे नवख्याला महागात पडू शकते.

दर कसा ठरवावा?

समजा, महिन्याला घरखर्चासाठी ३०,००० आणि इंटरनेट, सॉफ्टवेअर वगैरेंसाठी ५,००० रुपये लागतात. महिन्याचे २०० तास काम केले, तरी निम्मे तास ग्राहक शोधण्यात आणि फोनवर जातात. उरलेल्या १०० तासांत ३५,००० मिळवायचे, म्हणजे तासाला किमान ३५० रुपये. ४० तासांची वेबसाइट १४,००० च्या खाली परवडत नाही. तीच ५,००० ला केली, तर तासाला १२५ रुपयेच पडतात.

पैसे बुडू नयेत म्हणून

- आगाऊ रक्कम: साधारण निम्मी रक्कम आधी घ्यावी आणि उरलेली वेबसाइट सुरू करण्यापूर्वी. आगाऊ रक्कम द्यायला नकार देणारा ग्राहक सोडून दिलेला बरा.
- लेखी कोटेशन: किती पाने, किती वेळा बदल, किती दिवस, मजकूर आणि फोटो कोण देणार, हे ईमेलवर लिहून होकार घ्यावा.
- जाहिरातीचा खर्च: तो ग्राहकाच्याच कार्डवरून व्हावा. फ्रीलान्सरने स्वतःच्या खिशातून भरू नये.
- डोमेन: ते ग्राहकाच्या नावावरच घ्यावे. पुढे वाद झाला, तरी त्याचा पत्ता अडवून धरल्याचा आरोप येत नाही.
- मोफत नमुना: जुने काम दाखवावे. जुने काम नसेल तर काल्पनिक दुकानाची वेबसाइट बनवून ठेवावी. ग्राहकाचे खरे काम ‘नमुना’ म्हणून फुकट करू नये.

कायदा काय सांगतो?

सेवा देणारा फ्रीलान्सरही सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी करू शकतो. ही नोंदणी मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यावे लागतात. करार नसल्यास १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. या संरक्षणासाठी नोंदणी काम सुरू होण्याआधीच केलेली बरी.

केवळ सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. कंपनीने फीमधून टीडीएस कापला, तर प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो आपल्या खात्यात जमा धरता येतो.

पुढचे काम कुठून येते?

काम संपल्यावर महिन्याभराने ग्राहकाला एकच प्रश्न विचारावा: वेबसाइट पाहून किती फोन आले? आकडा चांगला असेल तर देखभालीचे मासिक काम मागता येते आणि आणखी दोन व्यावसायिकांची नावेही. आकडा कमी असेल, तर काय दुरुस्त करायचे ते कळते. नव्या ग्राहकाला सर्टिफिकेटपेक्षा हा आकडा लवकर पटतो.