पालकाचे लोह आणि गिरणगावातील स्त्रिया

गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. दळण-कांडण, झाडलोट, शेणी वेचणे ही बाईच्या वाट्याची कामे जनाबाईंच्या अभंगांतून मराठी वाङ्मयात आली. या गावाच्या संदर्भात श्रमाचा विचार वारंवार होतो, तो योग्यच आहे. परंतु जी दळते तिच्या ताटात काय पडते, हा प्रश्न आम्हां वाङ्मयाच्या अभ्यासकांकडून सहसा राहून जातो. त्याचा माग घेऊ लागले की वाट वैद्यकाच्या इतिहासात शिरते आणि पालकासारख्या साध्या पालेभाजीपाशी येऊन थांबते.

पालक आपल्याला नवा नाही. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘पालङ्क्या’ येते आणि तिच्या पानांची तुलना वास्तुकाशी, म्हणजे चाकवताशी केलेली आढळते. आधुनिक काळात मात्र पालकाची कीर्ती ‘लोहाची खाण’ म्हणून झाली. वास्तविक १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह जेमतेम पावणेतीन मिलिग्रॅम असते आणि वनस्पतिजन्य असल्याने त्यातले थोडेच अंगी लागते.

या गैरसमजाचीही एक दंतकथा आहे. १९८१ मध्ये टेरेन्स हॅम्बलिन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले की, जुन्या जर्मन संशोधनात दशांशचिन्ह चुकल्यामुळे लोहाचा आकडा दसपट झाला. पुढे ही कथा ग्रंथोग्रंथी उद्धृत होत राहिली. २०१० मध्ये माइक सटन यांनी मूळ साधने तपासली, तेव्हा तिला आधारच सापडला नाही. मूळ प्रत न पाहता पाठ पुढे चालवण्याची खोड केवळ वाङ्मयसंशोधनातच असते असे नव्हे.

त्याच नियतकालिकात बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १९३१ मध्ये, लुसी विल्स यांचा लेख प्रसिद्ध झाला होता. या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईस आल्या. गरोदरपणात कापडगिरण्यांच्या वस्तीतील गरीब स्त्रियांना जडणाऱ्या जीवघेण्या पांडुरोगाचा त्या अभ्यास करत होत्या. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात. त्याचे मूळ निकृष्ट आहारात आहे, हे विल्स यांनी ओळखले. यीस्टचा अर्क दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. मात्र त्यातला गुणकारी घटक कोणता, हे अज्ञात राहिले. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून एक आम्ल वेगळे केले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याचे नाव ‘फॉलिक आम्ल’ ठेवले गेले. विल्स ज्याच्या शोधात होत्या तो घटक हाच, हे पुढे स्पष्ट झाले. आपल्या भाषेत ‘पाला’ आणि ‘पालेभाजी’ यांचे जे नाते आहे, तेच या नावात आहे.

म्हणजे पालकाची खरी थोरवी लोहात नव्हे, या आम्लात आहे. गर्भाच्या मज्जारज्जूतील व्यंग त्यामुळे मोठ्या प्रमाणात टळते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ‘ॲनिमियामुक्त भारत’ योजनेत गर्भवतीला रोज द्यावयाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ते पाण्यात विरघळते, फार शिजवल्याने नष्टही होते. तेव्हा पालक उकडून पाणी फेकणाऱ्या रीतीपेक्षा आपली ताकातली पातळ भाजी अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे.

दशांशचिन्हाची न घडलेली चूक जगभर माहीत झाली. ज्या स्त्रियांच्या रक्तावरून हा शोध लागला, त्यांची नावेही सर्वसामान्य इतिहासात नाहीत. जनाबाईंनी आपले नाव अभंगात स्वतः कोरून ठेवले, म्हणून ते उरले. गिरणगावातील त्या बायांना अशी सोय नव्हती. किंबहुना, त्यांची स्मृती एका आम्लाच्या नावाआड दडून राहिली आहे, आणि तिचा शोध घेणे हे वाङ्मयेतिहासाचेही काम आहे, असे आम्हांस वाटते.