जुन्या मोटरहोमचं सस्पेन्शन घरी दुरुस्त करायचं, तर टूल्स कोणती घ्यायची?

१९८१ साली 'स्ट्राइप्स' नावाचा हॉलिवूडपट आला होता. त्यात बिल मरे आणि त्याचे साथीदार 'ईएम-५०' नावाची एक भन्नाट लष्करी गाडी पळवून नेतात. बाहेरून सहलीची गाडी, आतून चिलखत आणि बंदुका. ही गाडी सिनेमासाठी मुळापासून घडवलेली नव्हती. ती होती जनरल मोटर्सची जीएमसी मोटरहोम, वरून थोडी सजवलेली.

१९७३ ते १९७८ या मॉडेल वर्षांत बनलेली ही मोटरहोम आज पन्नाशीला आली आहे. एकूण गाड्या बनल्या त्या तेरा हजारांच्या आसपास. तरीही अमेरिकेत अनेक मालक त्या अजून रस्त्यावर चालवतात आणि त्यांचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्येही कधीतरी आले असतील. व्हिडिओत दिसतो तो सूर्यास्त आणि कॉफीचा मग. गाडीखाली झोपून गंजलेल्या नटाशी केलेली कुस्ती सहसा दिसत नाही.

एवढी उंच, एवढी जड आणि एवढी जुनी गाडी प्रत्येक गॅरेज घेत नाही. म्हणून मालकच हातात पाना घेतात. पण सस्पेन्शन हा गाडीचा असा भाग आहे, जिथे चुकीचं टूल फक्त नट खराब करत नाही, माणसालाही इजा करतं.

आधी सस्पेन्शन ओळखा, मग दुकानात जा

'सस्पेन्शन टूल किट' म्हणून ऑनलाइन दिसणारा डबा सरसकट घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. कारण जुन्या मोटरहोम एकाच पद्धतीने बनलेल्या नाहीत.

सत्तरच्या दशकातल्या अनेक अमेरिकन मोटरहोम शेवरोलेच्या पी-३० चासीवर बांधलेल्या असत. त्यांच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग आहे, म्हणजे तिथे स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागतो. डॉजच्या चासीवरच्या जुन्या विनेबेगोला पुढे-मागे पाटे आहेत, तिथे कॉम्प्रेसरचा काहीच उपयोग नाही. फोक्सवॅगनच्या टाइप-२ कॅम्परला टॉर्शन बार आहेत, तिथे पुन्हा वेगळी गोष्ट.

युरोपात मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवर बांधलेल्या जुन्या मोटरहोम बऱ्याच दिसतात. या व्हॅनचं पुण्याशी नातं आहे. बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, हिने हीच टी-१ परवान्यावर भारतात आणली आणि ती 'टेम्पो ट्रॅव्हलर' झाली. त्यामुळे ट्रॅव्हलरच्या पाट्यांवर काम केलेल्या आपल्याकडच्या मेकॅनिकला जर्मनीतली जुनी कॅम्पर फारशी परकी वाटणार नाही.

जीएमसी मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स ओल्ड्समोबाइल टोरोनाडो या गाडीकडून आलं, त्यामुळे ती फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. पुढे टॉर्शन बार. मागे प्रत्येक बाजूला एकामागोमाग एक अशी दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये आडवी बसवलेली हवेची पिशवी, म्हणजे एअर बॅग. मागे ड्राइव्ह शाफ्ट नसल्यामुळे घराची जमीन खूप खाली ठेवता आली. राहायला हे छान आहे, पण खाली शिरून काम करणाऱ्याला जागा कमी मिळते.

टॉर्शन बारचं टूल: इथे काटकसर नको

टॉर्शन बार म्हणजे स्प्रिंगचंच काम करणारी पोलादाची लांब सळई. तिचं एक टोक पुढच्या खालच्या आर्ममध्ये, दुसरं मागच्या आडव्या क्रॉस मेंबरजवळ. चाक वर गेलं की सळई पिळली जाते आणि परत सुटायला बघते. जीएमसीच्या पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे टनभर वजन येतं. ते वजन ही पिळलेली सळई उचलून धरते.

सळईच्या मागच्या टोकाला एक जाड आर्म असतो आणि त्याला खालून एक बोल्ट रेटून धरतो. बॉल जॉइंट किंवा आर्मचे बुश बदलायचे असतील तर आधी हा पीळ सोडावा लागतो. तो बोल्ट नुसता उलटा फिरवत काढायचा नसतो. शेवटच्या दोन-चार आट्यांवर सगळा भार आला की आटे फाटतात आणि आर्म झटक्यात सुटतो. त्या वेळी हात मध्ये असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

यासाठी टॉर्शन बार अनलोडर नावाचं टूल मिळतं. दिसायला मोठ्या सी-क्लॅम्पसारखं. ते क्रॉस मेंबरवर अडकवायचं, त्याच्या स्क्रूने आर्म थोडा वर दाबायचा, भार टूलवर आला की मूळ बोल्ट मोकळा करून काढायचा आणि मग टूलचा स्क्रू सावकाश सोडत पीळ उतरवायचा.

घेताना काय पाहायचं? फ्रेम जाड हवी आणि मोठ्या वजनाच्या गाडीसाठी बनलेली हवी. छोट्या पिकअपसाठीचं हलकं टूल इथे वाकू शकतं. स्क्रूचे आटे बारीक आणि स्वच्छ हवेत, टोक आर्मच्या खोलगट जागेत नीट बसणारं हवं. वापरण्याआधी आट्यांना ग्रीस लावायचं आणि टूल हाताने चालणाऱ्या रॅचेटनेच फिरवायचं. इम्पॅक्ट गन लावली की भार किती आला ते हाताला कळत नाही. काही जण त्याऐवजी बेअरिंग काढायचा दोन पायांचा पुलर वापरतात. पुलरचा पाय घसरला की काम संपलं, त्यामुळे तो व्हिडिओ पाहून सोडून द्यावा.

सळई काढण्याआधी बोल्ट किती बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे बसवताना गाडीची उंची जवळपास तीच येते. डावी आणि उजवी सळई एकमेकांच्या जागी चालत नाही. आणि सळईवर पकड, छिन्नी, हातोडा काहीही लागू द्यायचं नाही. साधा ओरखडाही पुढे तडा जाण्याची सुरुवात ठरतो. गंजलेला नट सुटत नाही म्हणून सळईजवळ गॅसची ज्योत धरणं तर त्याहून वाईट, कारण उष्णतेने स्प्रिंगच्या पोलादाचा कस जातो.

मागची हवा

मागच्या एअर बॅगमधला दाब साधारण १०० पीएसआयच्या आसपास जातो. कारच्या टायरमध्ये तो ३२-३५ असतो, यावरून अंदाज करा. इथे लागणारी टूल्स स्वस्त आहेत: खात्रीचा प्रेशर गेज, व्हॉल्व्हची सुई काढायचा छोटा पाना आणि गळती शोधायला साबणाच्या पाण्याची फवारणी बाटली. जुन्या गाडीत हवेचे पाइप आणि जोड हळूहळू गळतात. रात्रभर उभी गाडी सकाळी एका बाजूला कललेली दिसली की बहुतेक वेळा कारण हेच.

धोका पैशांपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. गाडी नुसत्या हवेवर उभी असताना तिच्याखाली जायचं नाही. पिशवी फुटली किंवा पाइप निसटला तर मागचा भाग खाली बसतो आणि आधीच कमी असलेली जागा शून्य होते. आधी चासी स्टँडवर टेकवायची, मग हवा सोडायची आणि पूर्ण सुटल्यावरच पिशवीचे नट उघडायचे.

जॅक आणि स्टँड

२६ फुटी जीएमसी सामानासकट पाच टनांच्या घरात जाते. कारसोबत मिळणारा जॅक इथे खेळणं आहे. चांगला बॉटल जॅक किंवा मोठा ट्रॉली जॅक हवा आणि गाडी उचलल्यावर तिचा भार स्टँडवर द्यायला हवा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्यातलं एक छोटं सील गळालं तरी तो खाली येतो.

स्टँडचं लेबल नीट वाचा. काही कंपन्या क्षमता एका स्टँडची लिहितात, काही जोडीची. '६ टन' वाचून समाधान मानलं आणि ते जोडीचं निघालं तर गणित निम्म्यावर येतं.

नामांकित दुकानातून घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. २०२० साली अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या टूल्सच्या मोठ्या साखळीने आपले ३ टनी आणि ६ टनी जॅक स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले. काही स्टँडमध्ये दात खाचेत पूर्ण अडकत नव्हते, त्यामुळे भार असताना हलल्यास स्टँड अचानक खाली येण्याचा धोका होता. पुढे बदली म्हणून दिलेल्या स्टँडपैकी काहींमध्ये वेल्डिंगचा दोष निघाला आणि तेही परत मागवावे लागले. सेकंडहँड बाजारात असा जुना स्टँड आजही कोणाच्या हाती लागू शकतो. म्हणून आडवी पिन घालायचा स्टँड, किंवा दातांसोबत वेगळी लॉक पिन असलेला, जास्त भरवशाचा.

खालची जमीनही पाहा. उन्हात डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय रुततात, तिथे जाड लोखंडी प्लेट किंवा लाकडाचा मोठा ठोकळा द्या. सिमेंटचे ब्लॉक किंवा विटा कधीच नाही. त्या आधी वाकत नाहीत, एकदम फुटतात.

पाने: इंच की मिलिमीटर?

भारतात किंवा युरोपात वाढलेल्या माणसाची इथे हमखास फसगत होते. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाडीचे नट-बोल्ट इंचात आहेत. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना बऱ्यापैकी चालून जातो. पण ९/१६ इंच म्हणजे १४.२९. त्यावर १४ चा बसत नाही आणि १५ चा बसवला तर गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात. अर्ध्या इंचावर १३ चा असाच सैल बसतो. मग नट कापून काढण्यात दुपार जाते.

गोट्या सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी बसवायला सोपी, पण जुन्या नटावर ती कोपऱ्यांनाच धरते आणि घसरते. इम्पॅक्ट गन वापरणार असाल तर काळ्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या घ्याव्या लागतील. चकचकीत क्रोमच्या गोट्या हाताच्या पान्यासाठी आहेत, गनवर त्या फुटून तुकडे उडू शकतात.

टॉर्क पाना एक पुरत नाही. क्लिक होणारा पाना सहसा त्याच्या कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून वरच भरवशाचा असतो. म्हणजे ३०० न्यूटन मीटरच्या पान्याने ४० न्यूटन मीटरचा छोटा बोल्ट आवळणं अंदाजपंचे ठरतं. एक मध्यम आणि एक मोठा घ्यावा. काम झाल्यावर तो सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवावा. सर्व्हिस मॅन्युअलमधले आकडे फूट-पाउंडात असतात, त्यांना १.३५६ ने गुणलं की न्यूटन मीटर मिळतात.

बॉल जॉइंट आणि बुश

बॉल जॉइंट सोडवायला बाजारात स्वस्तात मिळतो तो दोन दातांचा काटा. तो मध्ये घुसवून हातोड्याने ठोकायचा. काम होतं, पण रबरी टोपी फाटते. जॉइंट फेकायचाच असेल तर हरकत नाही. तोच परत बसवायचा असेल तर स्क्रूने दाबणारा सेपरेटर घ्या, थोडा महाग पण रबर वाचवतो. कारखान्यातून आलेले जुने बॉल जॉइंट अनेकदा रिव्हेटने बसवलेले असतात. ते काढायला ग्राइंडर, चांगले ड्रिल बिट आणि डोळ्यांवर चष्मा लागतो. नवे जॉइंट नट-बोल्टने बसतात.

बुश बदलायला मोठं हायड्रॉलिक प्रेस विकत घेण्याची गरज नाही. जाड आट्यांचा रॉड, मजबूत वॉशर आणि योग्य मापाचे पाइपचे तुकडे एवढ्यात बरेच बुश ओढून बसवता येतात. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी हवेत लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकांवर नेहमीचं वजन आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो.

विकत, उसनं की बाहेरून?

स्टँड, जॅक, इंची गोट्या, टॉर्क पाने आणि ग्रीस गन ही विकत घ्यायची टूल्स, कारण ती दर वेळी लागतात. ग्रीस गन तर सगळ्यात आधी. अनेक जुने आवाज आणि कडकपणा निप्पलमध्ये ताजं ग्रीस गेल्यावरच कमी होतो.

बॉल जॉइंट सेपरेटर किंवा प्रेस वर्षातून एकदाही लागत नाही. अमेरिकेत ऑटोझोन, ओरायली यांसारख्या दुकानसाखळ्या अशी टूल्स अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात आणि परत केल्यावर पैसे परत करतात. टॉर्शन बार अनलोडर तिथे मिळाला तरी तो आपल्या गाडीच्या वजनाला पुरेल का, हे विचारून घ्यावं. जीएमसीसाठी बनवलेलं टूल मालकांच्या क्लबमध्ये एखाद्याकडे सापडण्याची शक्यता जास्त.

पुढच्या चाकांचे बेअरिंग मात्र बहुतेकांनी बाहेरून करून घ्यावेत. ते नकलमध्ये दाबून बसवलेले असतात, काढायला खास पुलर आणि प्रेस दोन्ही लागतात आणि तिरका दाब बसला तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होतं. नकल घरी सोडवून मशीन शॉपमध्ये नेऊन दिला तरी मजुरी बरीच वाचते. टॉर्शन बार सोडला असेल किंवा जॉइंट बदलले असतील, तर गाडीची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजून घ्यायची आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट करायची. उलट क्रमाने केलं तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात.