जुनी फियाट, जीप भंगारात घालण्याआधी थांबा! पार्ट आणि मॅन्युअल असे शोधा

पुणे : गावाकडं अजून बऱ्याच घरी एखादी फियाट, अ‍ॅम्बेसेडर नाहीतर पेट्रोलची जीप गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी दिसते. भंगारवाला किलोवर भाव सांगतो. मिस्त्री म्हणतो, "याचे पार्ट आता येत नाहीत." मग नाइलाजानं गाडी कटायला जाते. पण पार्ट येत नाहीत हे अर्धंच खरं आहे. बऱ्याच वेळा पार्ट असतो, फक्त तो कोणत्या नावानं आणि कोणत्या नंबरानं मागायचा हे माहीत नसतं. पुण्याला फेरी मारण्याआधी घरीच काय तयारी करायची, त्याची ही माहिती.

आधी गाडीचं मूळ ओळखा

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्या परदेशी गाड्यांवरून बनल्या. त्यामुळं भारतातलं पुस्तक मिळालं नाही तर मूळ गाडीचं पुस्तक कामाला येतं.

- प्रीमियर पद्मिनी : सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची, मुंबईत कुर्ल्याला बनलेली गाडी. मूळ इटलीची फियाट ११००. हीच गाडी आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी नावानं विकली गेली. त्यामुळं पार्ट कधी एका नावावर मिळतो, कधी दुसऱ्या.
- अ‍ॅम्बेसेडर : १९५७ ते २०१४. मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३. जुन्या पेट्रोल गाडीचं १४८९ सीसी इंजिन तिकडच्या बीएमसी बी-सीरिज घराण्यातलं.
- उंच बॉनेटची पेट्रोल जीप : महिंद्रानं बनवलेली, मूळ अमेरिकेची विलिज सीजे-३बी. इंजिन उंच असल्यानं बॉनेट उंच केलेलं.
- महिंद्रा एमएम ५४० डिझेल : हिचं २११२ सीसी इंजिन फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या एक्सडीपी जातीचं.
- बजाज चेतक : दुचाकी असली तरी हिशोब तोच. मूळ इटलीची व्हेस्पा स्प्रिंट.

इथं एक सावधगिरी हवी. पद्मिनीची बॉडी इटलीच्या ११०० डी मॉडेलसारखी आहे, पण त्या गाडीला १२२१ सीसी इंजिन होतं आणि आपल्या पद्मिनीला १०८९ सीसी. बॉडी बघून ११०० डीचं पुस्तक उतरवलं आणि त्यातल्या मापानं पिस्टन-रिंगा मागवल्या तर पैसे पाण्यात. इंजिनासाठी १०८९ सीसीचंच पुस्तक बघा. तसंच इटलीच्या गाडीचं स्टेअरिंग डावीकडं असतं, म्हणून स्टेअरिंग आणि पेडलचे सांधे पुस्तकाशी जुळतीलच असं नाही.

पुस्तकं तीन प्रकारची

"मॅन्युअल" म्हणून तीन वेगळी पुस्तकं चालतात. मालकाचं पुस्तक म्हणजे ऑइल किती, टायरमध्ये हवा किती एवढंच. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्हचा गॅप, नट किती ताकदीनं आवळायचा, कोणता भाग आधी खोलायचा हे असतं. पार्ट कॅटलॉगमध्ये सुट्या भागांची चित्रं आणि प्रत्येकाचा नंबर असतो. खरेदीसाठी तिसरं लागतं, मिस्त्रीला दुसरं.

मोबाईलवर शोधताना "पद्मिनी" एवढंच न टाकता मूळ गाडीचं नाव, इंजिनाचे सीसी, साल आणि "वर्कशॉप मॅन्युअल" किंवा "पार्ट्स कॅटलॉग" हे शब्द इंग्रजीत टाका. इंटरनेट अर्काइव्ह या फुकट ग्रंथालयातही जुनी गाडी-पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली असतात. पैसे मागणाऱ्या साइटवर आधी दोन-चार पानं बघायला मिळत असतील तरच पुढं जा.

इंग्रजी पुस्तकातली मापं अशी बदला : १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. आवळण्याच्या ताकदीत १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण ७.२ फूट-पाउंड. फियाटच्या नट-बोल्टचे आटे मिलिमीटरचे, तर जुन्या अ‍ॅम्बेसेडर आणि जीपचे इंची. इंची बोल्टाच्या जागी ट्रॅक्टरचा बोल्ट जबरदस्तीनं पिळला तर आतले आटेच जातात.

घरून निघण्याआधी हे टिपून घ्या

१. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. दोन्ही आरसी बुकाशी ताडून बघा.
२. जुन्या भागावरचे सगळे नंबर. रॉकेल आणि ब्रशनं धुवा, तिरका उजेड पाडून मोबाईलवर फोटो काढा.
३. कार्बोरेटर, डायनामो, स्टार्टरवर सोलेक्स, एसयू, ल्युकास अशी बनवणाऱ्याची नावं आणि नंबर असतात. तो नंबर गाडीच्या नावापेक्षा जास्त कामाचा.
४. बेअरिंगवरचा नंबर. ६२०४ म्हणजे आतून २०, बाहेरून ४७ आणि जाडी १४ मिलिमीटर, मग ते गाडीतलं असो की मोटारीतलं. असं बेअरिंग "फियाटचं" म्हणून शोधायची गरजच नाही.
५. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हीच मापं असतात.

जुना भाग फेकू नका, सोबत न्या. तुटला असेल तरी तुकडे न्या.

पुण्यात कुठं काय

गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं नाना पेठेत आहेत. नट-बोल्ट आणि हार्डवेअरसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, म्हणून वार बघूनच एसटीत बसा. तिथं जुनी हत्यारं, मीटर, दिवे असला माल येतो, पण हमखास काही मिळेल असं धरून जाऊ नका. भाग कुठंच मिळाला नाही तर नमुना घेऊन भोसरीकडच्या लेथवाल्याला दाखवा. बुश, पिन असे भाग नमुन्यावरून करता येतात. ब्रेक आणि स्टेअरिंगचे भाग मात्र अंदाजानं बनवू नका, तिथं जिवाशी खेळ आहे.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता चांगल्या स्थितीतले जुने भाग मुख्यतः भंगारात निघालेल्या गाड्यांचेच. म्हणून गावात दुसरी तसलीच गाडी कटायला निघाली तर दारं, काचा, दिवे, मीटर आधी मागून घ्या.

कागदाचं विसरू नका

दुसरं इंजिन बसवायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. ज्यांच्या नावावर गाडी आहे ते हयात नसतील तर आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेल्या दुचाकी आणि चारचाकीसाठी २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेज नियम आहेत. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवता येत नाही. आणि महत्त्वाची अट म्हणजे गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही.

म्हणजे आज "काहीतरी बसवून चालू करू" म्हणून फियाटमध्ये दुसऱ्याच गाडीचं इंजिन घातलं, तर उद्या ही सवलत हातची जाऊ शकते. १९७४ च्या गाडीची पन्नाशी झाली, १९८० च्या गाडीची २०३० मध्ये होईल. तोवर मूळ इंजिन खोललेलं असलं तरी विकू नका. ग्रीस लावून, पोत्यात बांधून कोरड्या जागी ठेवा आणि आरसी बुक त्याहून जपून.