पर्यावरण-कायद्याचे विनामूल्य लोकशिक्षण : १९९१ च्या आदेशाचे पर्यवसान

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे न्यायशास्त्रातील एक जुने गृहीत आहे. परंतु नागरिकास कायदा ज्ञात करून देण्याचे दायित्व कोणावर, या प्रश्नाचा विचार त्या मानाने फारच थोडा झालेला आहे. पर्यावरणाच्या क्षेत्रात हा प्रश्न भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने त्याचे उत्तरही दिले. त्या उत्तराचे पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे.

जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने जी तत्त्वे उद्घोषित केली, त्यांतील एकोणिसावे तत्त्व शिक्षणाविषयी आहे. हे शिक्षण तरुण पिढीबरोबरच प्रौढांनाही मिळावे आणि त्यात उपेक्षित वर्गांचा यथोचित विचार व्हावा, असे त्यात म्हटले आहे. भारताने १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८-क आणि ५१-क (छ) संविधानात समाविष्ट केले. यांपैकी पहिल्याने राज्यसंस्थेवर जबाबदारी टाकली, तर दुसऱ्याने वने, सरोवरे, नद्या व वन्य जीवसृष्टी यांच्या रक्षणाचे कर्तव्य प्रत्येक नागरिकास सांगितले. कर्तव्य सांगितले गेले खरे, पण ते शिकविण्याची काही योजना दुरुस्तीत नव्हती.

ती उणीव प्रथम जाणवली ती गंगेच्या खटल्यात. महेशचंद्र मेहता या विधिज्ञांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवरून सप्टेंबर १९८७ मध्ये कानपूरजवळील जाजमऊच्या चर्मोद्योगांविरुद्ध आदेश निघाला. त्यानंतर जानेवारी १९८८ मध्ये कानपूर नगरपालिकेसंबंधीचा निर्णय देताना न्यायमूर्ती व्यंकटरामय्या यांनी ५१-क (छ) चा आधार घेतला. पहिल्या दहा इयत्तांत आठवड्यातून निदान एक तास पर्यावरणाचे पाठ शिकवावेत, त्यासाठी केंद्र शासनाने पाठ्यपुस्तके लिहवून घ्यावीत आणि ती शिक्षणसंस्थांना विनामूल्य वाटावीत, असे त्यांनी सांगितले. नदीतील सांडपाण्याच्या वादात शाळेच्या वेळापत्रकाचा विचार व्हावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. तथापि ज्या नगरात नागरिकच नदीला गटार समजतो, तेथे नगरपालिकेस दिलेला आदेश कितपत टिकेल, ही न्यायालयाची शंका निराधार म्हणता येणार नाही.

मेहता यांनी १९९१ मध्ये केवळ याच विषयासाठी स्वतंत्र याचिका केली. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी, म्हणजे आपल्या निवृत्तीच्या अवघे दोन दिवस आधी, सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांच्या पीठाने तिचा निकाल दिला. या आदेशाची व्याप्ती आजही विस्मय वाटावी अशी आहे. चित्रपटगृहे, फिरते तंबू आणि व्हिडिओगृहे यांनी प्रत्येक खेळात पर्यावरणविषयक किमान दोन पारदर्शिका विनामूल्य दाखवाव्यात आणि ही अट त्यांच्या परवान्यातच घालावी, असे ठरले. पारदर्शिका पर्यावरण मंत्रालयाने दोन महिन्यांत तयार करून परवाना देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावयाच्या होत्या. त्या आकर्षक असाव्यात, हेही न्यायालय सांगावयास विसरले नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांनी रोज पाच ते सात मिनिटांचा कार्यक्रम द्यावा आणि आठवड्यातून एकदा थोडा दीर्घ कार्यक्रम करावा, अशी अपेक्षा होती. शाळांत व महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा व्हावा, हा आदेशाचा शेवटचा भाग होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आदेशातील बहुतेक कलमांचा रोख विद्यार्थ्याकडे नव्हता. ज्याने शाळा सोडली आहे किंवा जो शाळेत कधी गेलाच नाही, अशा प्रेक्षकाला व श्रोत्याला ती उद्देशून होती. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेमागील लोकशिक्षणाची कल्पना ज्यांना परिचित आहे, त्यांना तंबूतल्या सिनेमाला व्याख्यानपीठ बनविण्याची ही योजना फारशी परकी वाटू नये.

प्रत्यक्षात मात्र आदेशाच्या शेवटच्या कलमानेच बाकीच्यांना झाकून टाकले. अंमलबजावणी होत नाही म्हणून मेहता पुन्हा न्यायालयात गेले, तेव्हा १८ डिसेंबर २००३ च्या आदेशाचा विषय मुख्यतः अभ्यासक्रम हाच होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. अभ्यासक्रमात आठ घटक आणि पन्नास व्याख्याने होती. जल, वायू, वने, वन्य जीव आणि पर्यावरण संरक्षण यांविषयीचे सर्व अधिनियम, त्यांच्या अंमलबजावणीतील अडचणी, शिवाय हवामानबदल, पुनर्वसन आणि जलसंधारण, एवढा सगळा पसारा सहाव्या घटकात, सात व्याख्यानांत, कोंबलेला होता. ज्या विषयाची परीक्षा घेता येते, तो तगला. पारदर्शिकेची परीक्षा कोण घेणार?

हा तोटा केवळ शैक्षणिक नव्हता. १९९४ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत १९९७ च्या दुरुस्तीने जनसुनावणीची तपशीलवार रीत घातली गेली आणि २००६ च्या अधिसूचनेने तिची फेररचना केली. तीनुसार सुनावणीपूर्वी तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. आणि जेथे वृत्तपत्र पोहोचत नाही, तेथे दवंडी पिटण्याचीही तरतूद आहे. दवंडीने सुनावणीची तारीख कळते. पण तेथे जाऊन काय मागता येते, कोणता आक्षेप नोंदवून घेणे अधिकाऱ्यास भाग आहे, हे दवंडी सांगत नाही. ज्याला ते कळावयास हवे, तो मच्छीमार वा शेतकरी सहाव्या घटकाचा परीक्षार्थी नसतो. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या चौथ्या कलमात कायदेविषयक साक्षरतेचा प्रसार आणि पर्यावरण-रक्षणासंबंधीचे सामाजिक न्यायाचे दावे या दोहोंचा उल्लेख आहे. परंतु त्यांची सांगड घालण्याचे काम बव्हंशी स्वयंसेवी संस्थांच्या आणि विधी महाविद्यालयांच्या खुल्या, विनामूल्य चर्चासत्रांवर येऊन पडले.

२०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा या चर्चासत्रांची गरज प्रकर्षाने दिसली. सुनावणीची सूचना तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणणारा तो मसुदा टाळेबंदीच्या ऐन काळात इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत निघाला होता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत, अर्थात मराठीतही, मसुद्याचे भाषांतर करण्यास सांगितले. केंद्र शासनाने या आदेशास विरोध केला, ही गोष्ट बोलकी आहे. मसुदा पुढे अंतिम झाला नाही.

२१ मार्च २०२४ च्या निकालात माळढोक पक्षी आणि सौर ऊर्जेच्या वीजवाहिन्या यांच्यातील वाद सोडविताना सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मधून मान्य केला. या विषयावर देशात एकछत्री कायदा नाही, हेही त्याच निकालात नोंदविलेले आहे. ज्या हक्कामागे अधिनियमाची संहिता नाही, तो निकालपत्रांतूनच वेचावा लागतो, आणि ती निकालपत्रे मूळ इंग्रजीत असतात. आदेशाने तंबूतल्या प्रेक्षकासाठी मागितलेल्या त्या दोन पारदर्शिकांवर आज काय लिहावे लागेल, हे यावरून दिसते.